पाच महिने पाळी नाही आणि नडगी दुखतेय, स्पर्धेला पळवू का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचं थोडक्यात आधी देते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतेय. मुलगी १६ वर्षांची, अकरावीला, ८०० आणि १५०० मीटर धावते, सरावाला ठाण्याला जाते. पाळी तेराव्या वर्षी आली, पुढे नीट येत होती, दिवाळीत आली ती शेवटची, आता पाच महिने झाले. दिवाळीनंतर सरांनी संध्याकाळचा सराव वाढवला आणि दोन किलो कमी कर म्हणाले, तिने तीन केले, भात बंद केला, टायमिंग सुधारलं. आता महिनाभर उजवी नडगी दुखतेय. सरांचं म्हणणं पाळी गेली म्हणजे मेहनत अंगाला लागतेय. जवळच्या डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्यात, एक्स-रे नॉर्मल आलाय. तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे. आणि जाता जाता विचारलंय की धाकटी १२ वर्षांची, वर्ल्ड कपनंतर क्रिकेटला जायला लागलीय, फास्ट बोलिंग टाकते, तिच्यासाठी काय काळजी घेऊ.

ताई, आधी सरळ उत्तर देते. पळवू नका. स्पर्धेतही नाही आणि उद्याच्या सरावातही नाही, चालताना दुखत नसेल तर कॉलेजला जाऊ दे पण धावणं आजपासून बंद. कारण तुम्ही पाळीचं गायनॅकला आणि नडगीचं ऑर्थोला असं वेगवेगळं विचारताय, मला मात्र तुमचा मेसेज वाचून ती एकच गोष्ट वाटतेय. पोरीला अन्न कमी पडतंय. पाळी त्यामुळे थांबली आणि हाडही त्यामुळेच दुखायला लागलंय अशी दाट शक्यता आहे.

हे इतकं ठासून का बोलतेय तेही सांगते. मी फिजिओ आहे, नेरुळला क्लिनिक आहे, अठरा वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे खो-खो खेळणारी एक मुलगी आली होती, तिलाही नडगीच दुखायची. मी तीन आठवडे बर्फ, टेप, पोटरीचं स्ट्रेचिंग सगळं केलं, बूट बदलायला लावले, पण पाळीचा प्रश्न काही विचारला नाही, मला तेव्हा ते माझं काम वाटायचंच नाही. चौथ्या आठवड्यात खांबाला वळण घेताना तिचं हाड पूर्ण मोडलं. हॉस्पिटलमध्ये तिची आई सहज बोलून गेली की आठ महिने हिची पाळीच नाहीये, आम्हाला वाटलं खेळामुळे असेल. ती मुलगी पुन्हा खेळली नाही. ते माझ्या मनातून आजही जात नाही आणि तेव्हापासून कुठलीही मुलगी गुडघा, नडगी, पाठ काहीही घेऊन आली की माझा पहिला प्रश्न शेवटची पाळी कधी आली हाच असतो, बरोबर बाबा आलेले असले तरी विचारते.

आता नेमकं होतं काय ते बघा. तुम्ही तिचं दिवसभराचं खाणं लिहिलंय ते बरं केलंत. सकाळी पाचला चहा आणि दोन बिस्किटं, डब्यात दोन पोळ्या भाजी त्यातली एक परत येते, संध्याकाळच्या सरावाआधी काही नाही, रात्री साडेनऊला एक भाकरी भाजी आणि थोडं वरण. मधे कॉलेजमध्ये काहीबाही खात असेल ते धरून मी अंदाजे १५०० कॅलरी मोजते, कदाचित कमीच असेल. वजन ४४ किलो लिहिलंय, त्यातली चरबी सोडली तर साधारण ३६ किलो उरतात. दोन वेळच्या सरावात पाचशेक कॅलरी जातात. मग उरल्या हजार. त्या हजारात हृदय, मेंदू, ऊब, वाढ, केस, हाडं, पाळी हे सगळं चालवायचं. हजार भागिले ३६ म्हणजे किलोमागे २८ च्या आसपास. व्यवस्थित चालायला किलोमागे ४५ लागतात असं धरतात, आणि ३० च्या खाली गेलं की शरीर कात्री लावायला घेतं. प्रत्येकीची रेघ अगदी ३० वरच असते असं नाही, कुणाचं आधी बिघडतं कुणाचं नंतर, पण तुमची मुलगी त्या पट्ट्यात आहे एवढं या हिशोबावरून दिसतं.

शरीर पहिली कात्री कुठे लावतं तर ज्याच्यावाचून आज जीव जात नाही तिथे. मेंदूतून पाळीसाठी जे सिग्नल जातात ते मंदावतात, मग अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी येतं आणि पाळी थांबते. गर्भाशयात काही दोष नसतो बरं का, वरूनच हुकूम येत नाही. आता इस्ट्रोजेन फक्त पाळीचं काम करत नाही, हाडाची झीज ताब्यात ठेवायचं कामही तेच करतं. ते कमी झालं की हाड खाणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळतं. त्यात ही रोज धावणार. धावण्याने हाडात बारीक बारीक इजा होतच असतात, त्या आपल्या आपण बुजतात, पण बुजायची पद्धत अशी की आधी खराब भाग उकरला जातो आणि मग नवीन हाड भरलं जातं, म्हणजे सराव एकदम वाढवला की पुढचे तीन-चार आठवडे हाड उलट नाजूक असतं. पोटभर खाणाऱ्या, वेळेवर पाळी येणाऱ्या मुलीचं हाड हे निभावून नेतं. हिचं उकरणं जोरात आणि भरणं बंद.

यालाच खेळाच्या डॉक्टरांच्या भाषेत आधी फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड म्हणायचे, १९९२ पासूनचं नाव आहे ते, खाणं-पाळी-हाड असं त्रिकूट. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला रेड-एस, म्हणजे खेळताना शरीराला ऊर्जा कमी पडणं, असं मोठं नाव दिलं कारण लक्षात आलं की फक्त तीन गोष्टी नाहीत, झोप, मूड, पचन, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो आणि मुलांनाही होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला हेही सांगा, हातपाय गार पडतात का, सर्दी सारखी होते का, चिडचिड, बद्धकोष्ठता, केस गळणं, सराव करूनही आता टायमिंग तिथेच अडकलंय का. बऱ्याच जणींचं असं होतं की वजन उतरल्यावर पहिले दोन-तीन महिने टायमिंग सुधारतं, सगळे खूश होतात, शाबासकी मिळते, मग ती आणखी कमी खाते. त्या शाबासकीच्या काळातच हाड पोखरत असतं.

सर वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. त्यांनाही त्यांच्या सरांनी हेच शिकवलं असेल, आणि पहाटे साडेपाचला मैदानावर उभा राहणारा माणूस पोरींच्या भल्यासाठीच उभा असतो. पण पाळी जाणं ही मेहनतीची खूण नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय की वयात आलेल्या मुलीची पाळी ही नाडी, ताप, बीपी यांच्यासारखीच तब्येतीची खूण म्हणून बघा. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं पुढेमागे होते, ते चालतं, पण त्यातही सलग तीन महिने आली नाही की दाखवायचं. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळीच आली नाही, तरीही दाखवायचं, जिम्नॅस्टिक्स करते म्हणून उशीर होतोय असं म्हणून बसून राहायचं नाही.

आता नडगी. आज रात्री तिला पाय लांब करून बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने हळूहळू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दाबत या. वीतभर पट्ट्यात सगळीकडे दुखतंय, धावायला लागल्यावर दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, असं असेल तर शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेला ताण येऊन होणारं दुखणं, असण्याची शक्यता जास्त. पण दाबत येता येता एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, तिने पाय झटकन ओढून घेतला तर ते हाडाचं दुखणं आहे, म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो. धावताना दुखणं वाढतच जातं, नंतर चालतानाही दुखतं, रात्री ठणकतं, हीही हाडाचीच लक्षणं. एका पायावर उड्या मारायला लावून बघू नका, ते आम्ही तपासताना एखाद-दोनदा बघतो, घरी दहा-दहा उड्या मारून पोरींनी चीर वाढवून घेतलेली मी पाहिलीय. दुखणारी जागा नडगीच्या पुढच्या धारदार कडेवर मधोमध असेल तर जास्त घाई करा, तिथला तडा लवकर भरत नाही. आणि कधीही जांघेत खोलवर दुखायला लागलं, लंगडायला लागली, तर त्याच दिवशी ऑर्थोकडे, कारण खुब्याच्या हाडाच्या मानेला तडा गेला आणि सरकला तर फार मोठं ऑपरेशन आहे ते.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. असे तडे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, कधी कधी नंतरही दिसत नाहीत. एमआरआयमध्ये दिसतात, चीर पडायच्या आधीची हाडाची सूजसुद्धा दिसते. तुम्ही खर्चाचं विचारलंय, म्हणून सांगते, तिच्या सगळ्या गोष्टी बघता मी तरी एमआरआय करूनच घ्या म्हणेन. नाहीच जमलं तर तडा आहे असं धरूनच वागायचं, तो नाही असं धरून नाही. आणि त्या जागेला तेल लावून रगडणं बंद करा, आजी प्रेमाने करत असतील पण दुखऱ्या हाडावर चोळू नये. पेनकिलर खाऊन किंवा स्प्रे मारून धावणं तर अजिबात नको, दुखणं हाच तिचा एकमेव इशारा आहे आणि तोच बंद करून टाकतो आपण.

गोळ्यांबद्दल. मी फिजिओ आहे, गोळी बंद करा असं मी सांगणार नाही, ते गायनॅकने ठरवायचं. पण गोळीने येतो तो रक्तस्राव म्हणजे पाळी सुरू झाली असं नाही, गोळी थांबल्यावर अस्तर गळतं इतकंच, आणि इस्ट्रोजेन फारच कमी असेल तर गोळी घेऊनही काही येत नाही. संप्रेरकांच्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की अन्न कमी पडल्याने गेलेल्या पाळीत फक्त पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत. कारण हाड त्याने सुधारत नाही आणि दर महिन्याला रक्त दिसतंय म्हणून घरचे सगळे निर्धास्त होतात, खरी खूण झाकली जाते. तेव्हा गायनॅककडे जा, खेळ, सराव, खाणं, घटलेलं वजन हे सगळं सांगा, नुसतं पाळी चुकली एवढंच सांगू नका. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल या हार्मोनच्या रक्ततपासण्या, गरज वाटली तर सोनोग्राफी असं बघतील. प्रेग्नन्सी टेस्टही सांगतील, राग मानू नका, ती प्रत्येकीची करतातच. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते तो आजार, तोही यात बघावा लागतो, पाळी गेली म्हणजे खाण्याचंच असं आपण घरी बसून ठरवायचं नाही. बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, सांगितला तर रिपोर्टमध्ये झेड-स्कोअर बघायचा, तो तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना करतो, टी-स्कोअर म्हाताऱ्या बायकांसाठी आहे, तो वाचून घाबरायला होतं उगाच.

लोहाचं वेगळं सांगायलाच हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या, म्हणजे मैदानावर दहा मुली उभ्या असतील तर त्यात सहा. त्यांना आपण स्टॅमिना नाही, आळशी आहे म्हणतो. हिमोग्लोबिन १२ च्या वर असेल तरी फेरिटिन कमी असू शकतं आणि धावणाऱ्या मुलीला ते जाणवतं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर जेवणाबरोबरचा चहा बंद करा, चहा आणि लोह यांच्यात तासभर तरी अंतर ठेवा, लिंबू पिळा, आवळा द्या.

आता मुख्य औषध, जेवण. यात फार शास्त्र नाही, पण करायला सगळ्यात अवघड हेच आहे. पाचला उपाशीपोटी चहा-बिस्किटावर सरावाला जाणं बंद, एक केळं किंवा चार खजूर आणि अर्धा कप दूध तेवढं तरी पोटात जाऊ दे. सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खायचं. ठाण्याहून ट्रेन पकडून कॉलेजला जाते ना, मग तिथे प्लॅटफॉर्मवरच डबा उघडायचा, अंडं-पोळी, नाहीतर शेंगदाण्याचे दोन लाडू आणि केळं, ट्रान्स हार्बरची गाडी यायला तसाही वेळ असतो. दुपारचा डबा वेगळा, तीन पोळ्या, भाजी, त्यात एक वाटी उसळ आणि दही. संध्याकाळच्या सरावाआधी पोहे, उपमा, गूळ-तूप-पोळी काहीही. रात्री वरण-भात-तूप परत सुरू. भाताने वजन वाढतं हे तिच्या डोक्यातून तुम्ही घरच्यांनी काढायचंय, आणि त्यासाठी घरातल्या मोठ्यांनीही ताटावर बसून वजनाच्या गप्पा मारणं थांबवायला लागेल. रोज साधारण ४०० ते ५०० कॅलरी वाढवायच्यात, म्हणजे एक ग्लास दूध, दोन केळी, एक-दीड लाडू, एवढंच आहे ते, डोंगर नाही. तिच्या वयाला कॅल्शियम दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर लागतं, दोन ग्लास दूध, एक वाटी दही आणि एक नाचणीची भाकरी एवढ्यात बरंचसं भागतं. पावडरच्या डब्यांच्या मागे लागू नका, ओळखीच्या कुणीतरी आणून दिलेल्या तर मुळीच नको, काय मिसळलंय कळत नाही आणि डोपिंगमध्ये सापडली तर मला माहीत नव्हतं हे कुणी ऐकून घेत नाही.

उपवासाचं बोलू का. तुम्ही लिहिलंय संकष्टी करते आणि मार्गशीर्षातले गुरुवार केले. श्रद्धेला माझी ना नाही, मी स्वतः उपवास करते. पण वाढीच्या वयात, दोन वेळ सराव असताना, दिवसभर वाटीभर साबुदाण्यावर राहणं हाडांना परवडत नाही, साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. निदान हे हाड भरेपर्यंत तिचा उपवास घरातलं दुसरं कुणी करेल, माझ्या एका पेशंटच्या आजीने तसंच केलं होतं, नातीच्या चतुर्थ्या स्वतःकडे घेतल्या.

किती दिवस लागतील विचाराल तर खरं सांगते. खाणं सुधारलं की अंगातली ताकद दिवसा-आठवड्यांत परत येते, पाळी यायला महिने लागतात, कुणाला तीन, कुणाला सहा, वर्षही लागतं, आणि हाडांची घनता भरून यायला वर्षं. एकदा का ही पायरी कळली की दोन महिन्यांत पाळी आली नाही म्हणून हातपाय गाळत नाही माणूस. आणि हे वय असं आहे की आत्ताच नाही भरलं तर नंतर भरता येत नाही, मुलींचं जवळपास ९० टक्के हाड अठरापर्यंत तयार होऊन जातं. साठाव्या वर्षी बाथरूममध्ये पडून खुबा मोडणाऱ्या बायका असतात ना, त्यातल्या काहींची गोष्ट सोळाव्या वर्षी सुरू झालेली असते.

नडगीत साधा, कमी धोक्याचा तडा निघाला तर सहा ते आठ आठवडे धावणं बंद असं धरून चाला. चालताना दुखत असेल तर पायाला आधार देणारा खास बूट देतील. या काळात घरी बसवून ठेवायचं नाही, मुलींना सगळ्यात जास्त तेच लागतं, ग्रुप सुटतो, मन खचतं आणि आता धावत नाही तर खाऊ कशाला असा उलटा विचार सुरू होतो. सायकल चालते, पाण्यात छातीएवढ्या खोलीत धावणं चालतं, वरच्या अंगाचे, पोटाचे, मांडीचे व्यायाम चालतात. सरावाला जाऊन बसू दे, टायमिंग घेऊ दे बाकीच्यांचं. नंतर आठवडाभर चालताना आणि दाबल्यावर अजिबात दुखलं नाही की एक मिनिट धाव एक मिनिट चाल, एक दिवसाआड, मातीवर. पाम बीचचा डांबरी रस्ता किंवा फुटपाथचे पेव्हर ब्लॉक आणि येऊरचे उतार सुरुवातीला नको. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, स्पाइक्स सगळ्यात शेवटी. दुखलं की एक पायरी मागे. एका पायावर उभं राहून टाच उचलायचा व्यायाम मी सगळ्यांना देते, पंचवीस वेळा न थांबता दोन्ही पायांनी सारखं जमलं पाहिजे, बहुतेकींना पहिल्या दिवशी बारा-पंधराच जमतात. आणि संध्याकाळचा जो जास्तीचा सराव होता तो खाणं नीट जमून पाळीचं चित्र सुधारेपर्यंत परत आणायचा नाही.

एक स्पर्धा गेली तर काय होतं हे तिला कसं समजवायचं तुम्ही विचारलंत. मी माझ्याकडच्या मुलींना ललिता बाबरचं सांगते. साताऱ्याची, गावाकडे खो-खो खेळायची, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला धावली तेव्हा २७ वर्षांची होती. ८०० आणि १५०० वाल्या मुलींचे खरे दिवस विशीनंतर असतात. अकरावीतला एखादा मीट कुणाच्या लक्षात राहत नाही, मोडलेली नडगी मात्र राहते.

पाळी चालू असताना खेळू द्यायचं का असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. द्यायचं, तिला बरं वाटत असेल तर काहीच हरकत नाही, खूप दुखत असेल, दर दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल तर दाखवायचं. मीराबाई चानूने २०२४ ला पॅरिसमध्ये १९९ किलो उचलून चौथी आल्यावर सरळ सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता. इतक्या मोठ्या खेळाडूने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, मग आपल्या घरात बाबांसमोर बोलायला काय हरकत आहे. आपण कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहितो ना, तसा तिच्या पाळीच्या तारखेला एक टिंब. अ‍ॅप असतं मुलींकडे पण भिंतीवरचं आईला दिसतं, दोन महिने टिंब नाही हे लगेच कळतं.

आणखी एक, मैदानावर स्वच्छ टॉयलेट आहे का ते एकदा स्वतः जाऊन बघा. नसतं बऱ्याच ठिकाणी, मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि हे त्या कुणालाही सांगत नाहीत. पालकांनी चार जणांनी मिळून मागितलं तर होतं ते. मापाची चांगली स्पोर्ट्स ब्राही घेऊन द्या, दोन टीशर्ट घालून वाकून धावणाऱ्या मुली बघितल्यात मी.

धाकटीचं. २ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी वर्ल्ड कपची फायनल जिंकली तेव्हापासून माझ्याकडे बारा-तेरा वर्षांच्या बोलर पोरी येतायत आणि मला त्याचा इतका आनंद आहे की काय सांगू. त्याच मैदानावर आठवडाभर आधी बांगलादेशच्या मॅचला ओल्या आउटफिल्डवर बॉल अडवताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला आणि ती सेमीफायनल, फायनल दोन्ही खेळू शकली नाही, व्हीलचेअरवर मैदानात आलेली सगळ्यांनी पाहिली. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या गवतावर मुलींना धावायला लावतात, स्पाइक्स नसतील तर फिल्डिंगचे डाइव्ह त्या दिवशी नकोच. फास्ट बोलिंगचं मात्र हाडाशी नातं आहे, तिच्या बहिणीसारखंच. वाढत्या वयात बॉल जास्त टाकले की कंबरेच्या मणक्याला तडा जातो. कंबरेत एकाच बाजूला दुखतंय, मागे वाकल्यावर वाढतंय, दोन आठवडे राहिलंय, तर बोलिंग बंद आणि दाखवायचं, अंगदुखी म्हणून सोडायचं नाही. नेटमध्ये रोज किती बॉल टाकते ते वहीत लिहा, अकॅडमीत वेगळे, शाळेत वेगळे, बिल्डिंगखाली वेगळे, कुणीच एकत्र मोजत नाही.

आणि गुडघा. मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा दोर, मुलांपेक्षा दुप्पट ते आठपट जास्त तुटतो, अभ्यासागणिक आकडा बदलतो, आणि बहुतेक वेळा कुणी धक्का दिलेला नसतो, उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा आत झुकतो आणि संपलं. तिला खुर्चीवरून खाली उडी मारायला लावा आणि मोबाईलवर समोरून स्लो मोशनमध्ये बघा, दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का. झुकत असतील तर ते शिकवून सुटतं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या जवळपास १९०० फुटबॉलपटू मुलींवर वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप करून बघितला, २००८ मध्ये छापून आलं, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. फिफाचा इलेव्हन प्लस म्हणून तो फुकट मिळतो, क्रिकेटलाही चालतो, मैदानाला दोन चकरा मारून वॉर्म-अप झाला म्हणण्यापेक्षा कितीतरी बरा.

आता उद्याचं. ऑर्थोची वेळ घ्या, गायनॅकची घ्या, सरांना फोन करून सांगा की डॉक्टर हो म्हणेपर्यंत धावणार नाही, मोठीला फोनवर बोलायला लावू नका, ती नाही म्हणू शकणार नाही, तुम्हीच बोला. सर मला फोन करणार असतील तर जरूर करू देत, मी समजावून सांगेन, बऱ्याच सरांना सांगितलंय, ऐकतात. आणि आज रात्री नडगी दाबून बघाल तेव्हा खोलीत तुम्ही दोघीच असा. दुखतंय का असं विचारलं की नाही म्हणेल, स्पर्धा जाईल म्हणून. तिच्या चेहऱ्याकडे बघत दाबा, पाय आपोआप सांगेल.